टेबलाच्या पायाखालचं पत्रक

त्या छापखान्यात अर्थाला सक्त मनाई होती. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं पातळ कागदाचं माहितीपत्रक असतं ना, ती पत्रकं तिथे लाखांनी छापली जात. ती तपासणाऱ्या बाईंना सगळे प्रूफबाई म्हणत. त्या पत्रक शेवटच्या शब्दापासून सुरू करत आणि उलटं वाचत पहिल्या शब्दापर्यंत येत. सरळ वाचलं की माणूस मजकुराच्या नादी लागतो आणि चुका निसटतात, असं त्यांचं म्हणणं. सात वर्षांत त्यांच्या नजरेतून एक वेलांटी सुटली नव्हती आणि डोक्यात एक वाक्य शिरलं नव्हतं.

लग्नानंतर नऊ वर्षांनी बाईंना दिवस गेले. तिसरा महिना लागला आणि झोप उडाली. कूस बदलून बदलून पहाट व्हायची. मोठ्या जाऊबाईंचा जीव कळवळला. त्यांनी आपल्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी काढून दिली.

"अर्धी घेत जा गं. मी चार वर्षं घेतेय, मला झालंय का काही?"

जाऊबाईंनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्या गरोदर नव्हत्या. हा तपशील त्या वेळी कुणालाच महत्त्वाचा वाटला नाही. खोक्यातल्या पत्रकाला तर त्यांनी केव्हाच कामाला लावलं होतं: जेवणाचं टेबल डगमगायचं, त्याच्या पायाखाली ते अगदी फिट बसलं होतं.

नऊ दिवस बाई गाढ झोपल्या.

दहाव्या दिवशी एक पत्रक फेरछपाईला आलं. आकडे मात्र दोघांनी पडताळायचे असा नियम होता: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफात बघायचं. जोडीदार रजेवर होता, म्हणून घडीच्या मशीनवरचे घडीकाका वर आले.

"काका, फक्त आकडे वाचा हं."

"बरं," असं म्हणून काकांनी चष्मा लावला आणि वर्तमानपत्र वाचावं तसं पहिल्या ओळीपासून सुरू केलं. बाईंनी हात जोडले, पण काका कसले थांबतात!

"गरोदर असाल, किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका. गर्भातल्या बाळावर परिणाम होऊ शकतो. बाळंतपणाच्या जवळ घेतल्यास बाळ सुस्त राहणे, श्वासाला त्रास होणे..."

"थांबा. औषधाचं नाव परत वाचा."

काकांनी वाचलं. बाईंनी पर्समधली पट्टी टेबलावर ठेवली. तेच नाव.

"हे आपण तिसऱ्यांदा छापतोय," काका हळूच म्हणाले. "आधी दोनदा तुम्हीच पास केलंय."

जुन्या प्रतीवर बाईंचीच सही होती, झोकदार. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एक वाक्य सरळ ऐकू आलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती! पोटावर हात गेला आणि तिथेच राहिला.

"डॉक्टरांना माहीत आहे?" काकांनी विचारलं.

"त्यांनी विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का म्हणून. मी नाही म्हटलं. गोळी जाऊबाईंची होती ना, माझी कुठे होती?"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोटातलं बाळ विचारतं का, गोळी कुणाची म्हणून?" ते म्हणाले. "या कागदाला मी अकरा घड्या घालतो. कुणीतरी उलगडेल म्हणून घालतो, बाई. नाहीतर गोळा करून कोंबला नसता का? निघा आता. पट्टी सोबत न्या. लपवू नका काही."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी पाहिली. "आणखी काय घेता?"

"काही नाही."

"डोकं दुखलं तर?"

"त्याची गोळी. ऑफिसात सगळे घेतात."

"छातीत जळजळलं तर?"

"एक पूड. आणि शेजारच्या काकू एक काढा देतात, पण तो झाडपाल्याचा आहे. ते औषध थोडंच?"

'काही नाही'चा आकडा चारवर गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर एक ठिपका धडधडत होता.

"ठोके व्यवस्थित आहेत. काहीच होणार नाही असा शब्द मी देणार नाही. तपासण्या मात्र वेळेवर करू. ही गोळी आजपासून बंद. नऊच दिवस झालेत, म्हणून लगेच बंद करता येईल. आणि बंद मी करतेय, तुम्ही नाही."

"म्हणजे?"

"माझ्या एका पेशंटने असंच काहीतरी वाचलं, घाबरली आणि आकडीच्या गोळ्या आपल्या मनाने सोडल्या. आकडी आली आणि जिन्यावरून पडली, सहाव्या महिन्यात. सुरू करायला विचारायचं, तसंच बंद करायलाही विचारायचं. झोपेचं आपण बघू. त्यालाही उपाय आहेत."

संध्याकाळी बाईंनी घरी सगळं सांगितलं. जाऊबाई टेबलापाशी खाली बसल्या, पायाखालचं पत्रक ओढून काढलं आणि जमिनीवर उलगडलं. अकरा घड्या उघडल्यावर ते पंचाएवढं झालं. त्या बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या.

"मीच दिली गं," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आपली चार वर्षांची सवय घेऊन त्याही डॉक्टरांकडे गेल्या. त्यांना ती हळूहळू सोडायला सांगितलं.

सहा महिन्यांनी बाईंना मुलगी झाली. रडून तिने अख्खा वॉर्ड जागा केला. सुस्तीचं नाव नाही. पण वाचकहो, हे बाईंचं नशीब होतं, आणि नशीब दुसऱ्याला उसनं देता येत नाही. गोळीही देऊ नये. घरात कुणी गरोदर असेल तर गोळी, पूड, काढा, काहीही असो, आधी डॉक्टरांना सांगा. आणि चालू असलेलं औषधही त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

प्रूफबाई हल्ली पत्रक दोनदा वाचतात, एकदा उलटं आणि एकदा सरळ. वेळ दुप्पट लागतो, मालक कुरकुरतात. घरातलं टेबल पुन्हा डगमगायला लागलंय. पाहुण्यांच्या ताटात आमटी सांडते, पण त्या पायाखाली कागद ठेवायला कुणी तयार नाही.