ठमीची आई केस कापायला जाते

ठमीच्या आईनं दोन तास घराबाहेर पडावं की नाही, यावर घरात आठवडाभर खल झाला. नवरा म्हणाला, जा. सासू म्हणाली, जा. तिचं तिलाच पटेना. सात वर्षांची ठमी बोलत नाही, आणि आईच्या हातूनच काय तो घास घेते. मग जायचं कसं?

शेवटी नणंदच येऊन बसली. ती बसमध्ये कंडक्टर. आवाज असा, की फुटपाथवरची माणसंही आत सरकतील.

"साठ माणसं भरलेली बस सांभाळते मी. ही दीड वीत पोर जड जाणार आहे का मला?"

"ताई, बसमधली माणसं कुठे उतरायचं ते सांगतात तरी."

"कुठली सांगतात. निम्मी झोपलेली असतात. जा तू."

ठमीच्या आईनं दोन पानं लिहून ठेवली. भात मऊ. घास लहान. हात लावण्याआधी सांगायचं, 'आता तोंड पुसते हं', नाहीतर ठमी किंचाळते. आणि मनाशी एक ठरवून ती जिना उतरली: पोर उपाशी राहिली, तर पुन्हा असं बाहेर पडणं नाही.

पार्लरमध्ये मान मागे टाकून ती बेसिनशी बसली. नळ सुटणार तोच तिच्या तोंडून निघून गेलं, "आता पाणी येईल हं. गार आहे."

पार्लरवालीचा हात थांबला. "मॅडम, हे मी म्हणायचं ना?"

ती ओशाळली. घरी अशी अशी लेक आहे, जिभेला वळणच पडलंय, असं तिनं सांगून टाकलं. आता 'अरेरे' येणार म्हणून ती वाट बघत राहिली. ते आलंच नाही.

"पाणी येतंय हं," पार्लरवाली हळूच म्हणाली. मग, "आता कानामागे बोटं." मग, "कात्री येतेय, मानेशी."

सात वर्षं तिच्यावर जे काही आलं, ते न सांगता आलं होतं. तिनं डोळे मिटले. एक ओघळ कानात गेला, तो तिनं जाऊ दिला.

तरीही अर्धा तास आधीच ती घरी पळाली. घरात चिडीचूप. चपला न काढताच ती आत गेली.

आत नणंद ठमीकडे पाठ करून मटार सोलत होती. मागे ठमी स्वतःच्या हातानं जेवत होती. निम्मा भात फ्रॉकवर, निम्मा पोटात.

"कागद वाचला, सगळं केलं," नणंद कुजबुजली. तिला कुजबुजता येतं हेही आजच कळलं. "तीनदा तोंड फिरवलंन. म्हटलं, नको तर नको. पाठ केली, तर मागून मचमच सुरू."

आणि आपण इतकी वर्षं तिच्या समोर बसून, तोंडाकडे बघत बघत घास भरवत आलो. ठमीच्या आईला एक बारीक कळ लागली. माझ्यावाचूनही चालतं म्हणजे. मग जड पिशवी खाली ठेवल्यावर बोटं मोकळी होतात, तसं काहीसं झालं.

ठमीनं आईच्या आखूड केसांकडे टक लावून पाहिलं आणि पुन्हा भातात हात घातला.

"ओळखलं ना गं मला?"

"ओळखलं. पण जेवतेय ती," नणंद म्हणाली. "बस इकडे. तुझा अर्धा तास उरलाय अजून."

ती नणंदेशेजारी टेकली, लेकीकडे पाठ करून. एक शेंग उचलली, आणि मागे वळून बघितलं नाही.