पांढऱ्या कापडाचे दिवस

शिंप्याच्या बायकोला मशीनच्या आवाजावरून नवऱ्याची तब्येत कळायची. पेडल चालता चालता अडखळलं, की आज त्याच्या छातीत पुन्हा ठोक्यांची धांदल आहे, हे ती न विचारता ओळखायची आणि चहा टाकायची. दोघंही थकलेली. एकाचा थकवा जरा उठला, की दुसऱ्याचा त्याच जागी येऊन बसायचा.

दुकानात दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांचा ढीग होता. तो कॉलरीला हाताने टाके घालत होता, ती बटणं लावत होती. त्याच्या बोटात सुई गेली. सवयीने तिने चिंधी पुढे केली. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाल्यापासून एवढ्याशा टोचण्यालाही चिंधी भिजायची.

आज एक थेंब आला, आणि तिथेच थांबला.

ती बोटाकडे बघत राहिली. "अहो, गोळी घेतलीत?"

"घेतली की."

"माझ्याकडे बघून सांगा."

"तुझ्याकडे बघून खोटं बोलता येत नाही, म्हणून तर कोटाकडे बघतोय."

तिला हसू आलं नाही. "कधीपासून?"

"पांढरं कापड आल्यापासून. अगं, मागच्या खेपेला रक्ताच्या डागापायी कोट परत आला. या वयात ऐकून घ्यायचं? रंगीत काम असलं की घेतो ना!"

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतो. रक्त साचलं की गुठळी होते, ती मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. बरं वाटलं तरी चुकवायची नाही. आणि तुम्ही कापडाचा रंग बघून गोळी घेता!" तिचा आवाज फाटला. "डाग धुता येतो हो. तुमची वाचा गेली, तर मी भांडू कुणाशी?"

तिनेच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. आजची आत्ता द्या, राहिलेल्या भरून काढायला जास्तीची देऊ नका, उद्या दाखवायला आणा, असं तिकडून सांगितलं.

त्याने गोळी गिळली. तिने त्याच्या हातातून सुई काढून घेतली.

"तुझे टाके वाकडे पडतात," तो पुटपुटला.

"पडू देत. तुम्ही मशीन बघा."

मशीन सुरू झालं. मध्येच पेडल अडखळलं. कॉलरीत रुतलेली सुई तशीच धरून ती थांबली. मग आवाज पुन्हा पुढे सरकला, तेव्हा कुठे तिने पुढचा टाका घातला.