सातव्या मजल्यावरची टोपली

इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती सातव्या मजल्यावरच्या लिफ्ट मेकॅनिकने. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दिवसभर तो शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडायचा, पण स्वतःच्या इमारतीतल्या लिफ्टला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, कारण तिचं काम दुसऱ्याच कंपनीकडे होतं. त्या कंपनीचा माणूस आला, मोटर जळाल्याचं त्याने सांगितलं, नवी बाहेरून मागवावी लागेल, वेळ लागेल म्हणाला आणि लिफ्टच्या दाराला पट्टी बांधून निघून गेला. तेव्हापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मेकॅनिककडे असा बघायचा, की जणू त्यानेच मोटर काढून घरी पलंगाखाली लपवली आहे.

घरात चार माणसं. मेकॅनिकची बायको शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. मुलगी शाळेत जायची. जेवायला बसली की ताटातलं नुसतं टोकरायची, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं होतं. आणि चौथे अप्पा, ड्रायव्हरबाईंचे वडील. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आले होते. गुडघे पार गेलेले. लिफ्टने रोज खाली जायचे, फाटकाशी उभे राहून चार माणसांशी बोलायचे आणि वर यायचे. आता तेही बंद झालं.

या घरात स्वयंपाक असा होतच नसे. मुद्दाम कुणी बंद केला नव्हता, हळूहळू तो सुटत गेला होता. बाईंची कधी पहाटेची पाळी, कधी दुपारची. मेकॅनिकला कुठून कधी बोलावणं येईल याचा नेम नाही. मग फ्रीजरमध्ये तयार जेवणाचे डबे, कपाटात नूडल्सची पाकिटं, आणि अगदीच कंटाळा आला तर फोन करून मागवलेलं काहीतरी. ओटा इतका लखलखीत, की त्यावर मेकॅनिकची हत्यारं सुखाने नांदायची.

लिफ्ट बंद पडल्यावर पहिली पंचाईत झाली ती फोनवरच्या जेवणाची. आणून देणारा खालूनच म्हणायचा, "साहेब, सात मजले नाही जमणार. तुम्हीच या." मेकॅनिक उतरायचा आणि धापा टाकत चढायचा.

"जेवण गार आणि मी गरम," पिशवी टेबलावर टाकत तो म्हणाला. "उलटं असायला हवं होतं."

दुसरी पंचाईत महिन्याच्या खरेदीची. नवराबायको दोघं पिशव्या घेऊन चढत होते. चौथ्या मजल्यावर बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि पायरीवर बसकण मारली. मग त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. थंड पेयाच्या चार मोठ्या बाटल्या. चिप्सची फुगलेली पाकिटं. डब्यातलं सूप.

"अहो, आपण काय उचलून नेतोय बघा तरी," त्या म्हणाल्या. "बाटलीत पाणी. पाकिटात हवा. डब्यात परत पाणीच. वर नळाला पाणी येतं, खिडकीतून हवा येते. मग मी इथे का मरतेय?"

मेकॅनिकने चिप्सचं पाकीट हातात धरून वजनाचा अंदाज घेतला आणि त्याला हसू फुटलं. दोघं त्या पायरीवर बसून इतकं हसले, की चौथ्या मजल्यावरचं एक दार उघडून बंद झालं. तिथेच त्यांनी ठरवलं. लिफ्ट सुरू होईपर्यंत जिना चढून न्यायचं तर ज्यात पोटाला काही आहे तेच न्यायचं. गहू, तांदूळ, डाळी, कांदे.

"आणि शिजवणार कोण?" मेकॅनिकने विचारलं.

दोघं पिशव्या उचलून पुन्हा चढायला लागले.

उत्तर वर घरात बसलं होतं. अप्पा दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून खाली बघत असत. समोरच्या मोकळ्या जागेत एक भाजीवाली आपला छोटा टेम्पो लावायची. शहराबाहेर तिचं शेत होतं. पिकवायचं आणि विकायचं दोन्ही तिचं तीच करायची. आवाज असा खणखणीत, की सातव्या मजल्यावर शब्द न् शब्द पोचायचा. एका सकाळी कुणीतरी तिला म्हणत होतं, "बाई, या पालकाला भोकं आहेत."

"असणारच," ती म्हणाली. "मी औषध मारत नाही. शेणखत घालते आणि देवावर सोडते. आळीने आधी चाखलाय म्हणजे पालक चांगला आहे, एवढं समजा."

अप्पा खुर्चीतून उठले, कठड्यावर वाकले आणि ओरडले, "मला द्या तो पालक!"

तिने मान वर केली. "घ्यायला कोण येणार?"

तेवढ्यावर गोष्ट अडली. संध्याकाळी जावई घरी आल्याबरोबर अप्पांनी त्याला गॅलरीत नेलं.

"जावईबापू, तुम्ही माणसं वर नेता. माझी एक जुडी पालक वर आणता येईल का?"

दिवसभर लोकांची बोलणी खाऊन आलेला मेकॅनिक कठड्यावरून खाली बघत राहिला. मग हत्यारं आणायला गेला. रविवारी सकाळपर्यंत गॅलरीच्या छताला कप्पी लागली, मजबूत दोर आला, टोपली आली, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी, म्हणजे ओढणाऱ्याला वजन जाणवू नये. मुलीने एका हाताने ओढून बघितलं, तर टोपली लोण्यासारखी वर आली.

"ही लिफ्ट माझी," चिमणीने जाहीर केलं. "मी चालवणार."

पहिल्या खेपेला पालक, गाजरं आणि मटारच्या शेंगा आल्या. चिमणीने एक शेंग उलगडली आणि आतली रांग बघून थबकली.

"अप्पा, हे वाटाणे आहेत?"

"मग काय मोती आहेत?"

"पण वाटाणे पिशवीत असतात. बर्फातल्या."

अप्पांनी एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो खाल्ला. मग दुसरा. थोड्या वेळाने बाई गॅलरीत आल्या, तर लेक सालांच्या ढिगात बसली होती आणि स्वयंपाकाला मूठभर दाणेसुद्धा उरले नव्हते. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण लेकीला आपणहून काही खाताना बघून ते तसंच मिटलं.

आता शिजवायचं. अप्पांनी जन्मात चुलीजवळ पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांच्या बायकोने कधी ठेवूच दिलं नव्हतं. "पण कापणं तर मला येतं," ते म्हणाले आणि कापडाला कधी न लावलेली नवी कात्री काढून त्यांनी पालक कापायला घेतला, सगळ्या पट्ट्या एका रुंदीच्या. पहिलं सूप खारट झालं. दुसऱ्या दिवशीचे बटाटे बाहेरून जळले, आतून कच्चे राहिले. तिसऱ्या दिवशी अप्पा रुसून बसले.

"माझ्याच्याने नाही होणार. हिला सगळं यायचं. मी नुसता ताटावर बसायचो," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

मेकॅनिकने जळका बटाटा सोलून खाल्ला. "अप्पा, तुम्ही शिवलेला पहिला सदरा कुणाला बसला होता?"

"कुणालाच नाही. एक बाही आखूड होती."

"मग?"

अप्पा उठले आणि आच कमी करून पुन्हा बटाटे ठेवले.

पुढे हळूहळू हात बसला. गॅलरीतून ते भाजीवालीला विचारायचे, "घेवडा किती वेळ शिजवू?" आणि खालून ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. गल्लीतली माणसंही मध्येच आपलं मत द्यायची. एकदा मिठावरून दोन गिऱ्हाइकांची चांगलीच जुंपली. शेवटी अप्पांनी वरून सांगितलं, की भांडू नका, मी लिंबू पिळतो.

त्या आठवड्यात बाईंची दुपारची पाळी होती. बस आगारात लावून, थकून भागून त्या जिना चढत होत्या. पाचव्या मजल्यावर भाजलेल्या कांद्याचा आणि ताज्या पावाचा वास आला. कुणाच्या तरी घरी मजा आहे, असं मनात म्हणत त्या सहावा मजला चढल्या. वास वाढत गेला. सातव्या मजल्यावर पोचल्या तर तो त्यांच्याच दारातून येत होता. त्या किल्ली हातात धरून बाहेरच उभ्या राहिल्या. असा वास यायचा तो आई असताना, शाळेतून घरी आल्यावर. दार उघडलं तेव्हा अप्पा ओट्याशी उभे होते. कोपरापर्यंत पीठ, गळ्यात मापाची टेप. पावाची उंची त्यांनी नुकतीच मोजली होती.

"बस," ते म्हणाले. "अख्ख्या गव्हाचा आहे. फुगला नाही फारसा, पण आहे आपला."

बाईंनी बूटही न काढता एक जाड तुकडा तोडला. तो दाट होता, चावायला वेळ लागत होता, आणि गोडसर होता. त्यांनी दुसरा तोडला. अप्पा नुसते बघत राहिले.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना सेक्रेटरी उपटले नसते तरच नवल. ते पाचव्या मजल्यावर राहायचे. इमारतीच्या दर्शनी भागावर दोर लोंबकळतोय, हे शोभत नाही, असं त्यांनी मेकॅनिकला जिन्यात अडवून ऐकवलं. "आधी लिफ्टचं बघा," असं म्हणायचं मेकॅनिकच्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्याने ते गिळलं आणि दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्याच दिवशी टोपलीतून एक भला मोठा भोपळा वर चालला होता. पाचव्या मजल्यापाशी टोपली अचानक थांबली. चिमणीने ओढून बघितलं, हलेना. वाकून पाहिलं तर खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि त्याने टोपली धरली होती.

"हा भोपळा कुणाचा?" खालून सेक्रेटरींचा आवाज आला.

"सातव्याचा."

मग आवाज जरा मऊ झाला. "एवढा मोठा तुम्हाला संपणार आहे का? बायकोला जिना चढवत नाही. चार दिवस बिस्किटांवर काढलेत आम्ही."

अप्पांनी वरून सांगितलं, "अर्धा कापून घ्या. उरलेला पाठवा."

त्यानंतर दोराचा विषय कुणी काढला नाही. उलट टोपली सगळ्या मजल्यांवर थांबायला लागली. चिमणी मजल्यांची नावं पुकारायची, खिडक्या उघडायच्या, भाज्या उतरायच्या. शनिवारी संध्याकाळी कुणी तरी सहाव्या मजल्याच्या जिन्यात सुपाचं भांडं आणून ठेवलं, कुणी भाजलेली बिटं आणली, अप्पांनी पाव पाठवला. इतकी वर्षं लिफ्टमध्ये एकमेकांच्या डोक्यावरून आकडे बघणारी माणसं पायऱ्यांवर मांडीला मांडी लावून जेवली. कुणाच्या घेवड्यात मीठ कमी आहे, हे सांगण्याइतकी ओळख झाली.

म्हणजे हे कुटुंब एकदम साधुसंत झालं असं नाही. मेकॅनिकच्या हत्यारांच्या पेटीत चिप्सचं पाकीट सापडलं आणि चिमणीने भर जेवणात त्याची झडती घेतली. बाईही पहाटेच्या पाळीला कधीकधी वाटेतल्या टपरीवर गोड पाव खायच्या आणि घरी येऊन आपणच सांगून टाकायच्या. पण फ्रीजरमधले डबे संपत आले ते कुणी भरले नाहीत. तिथे आता अप्पांचं सूप राहू लागलं.

आणि मग एक दिवस मोटर आली, लिफ्ट सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी धुतलेला सदरा घातला, केस विंचरले आणि खाली गेले. टेम्पोजवळ जाऊन उभे राहिले. भाजीवाली मान खाली घालून गाजरं मोजत होती.

"अर्धा किलो घेवडा द्या," अप्पा म्हणाले.

आवाज ऐकून तिने झटकन वर पाहिलं. मग आकाशाकडे, सातव्या मजल्याकडे. मग पुन्हा समोर. "तुम्ही? मला वाटलं चांगले उंच असाल."

"सातव्या मजल्यावरून कुणीही उंच वाटतं," अप्पा म्हणाले. "मलाही तुमचा नुसता भांगच माहीत होता."

दोघं बराच वेळ बोलत राहिले. जाताना ती म्हणाली, की रविवारी शेतावर या, सगळे या.

गेले सगळे. मेकॅनिकने मित्राची गाडी आणली आणि बायकोला म्हणाला, आज तू मागे बस, मी चालवतो. बाई सगळ्या वाटेवर खिडकीतून बाहेर बघत बसल्या. रस्ता असा निवांत बघायला त्यांना कधी मिळत नसे. शेत मोठं नव्हतं. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला खताचा ढीग, मध्ये हिरव्या ओळी. चिमणी बूट काढून चिखलात शिरली. सोबत आणलेला पाव, तिथलेच टोमॅटो आणि कांदे, असं बांधावर बसून जेवण झालं. जेवून मेकॅनिक झाडाखाली आडवा झाला आणि घोरायला लागला.

भाजीवाली कोबीची रोपं लावत होती. अप्पा तिच्या शेजारी पोत्यावर बसून रोपं हातात देत होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच माती उकरून एक रोप लावलं आणि बोटांनी चहूबाजूंनी दाबलं.

"याला गड्डा कधी धरेल?" त्यांनी विचारलं.

"थंडी संपता संपता."

"मग तेव्हा यायला पाहिजे," अप्पा म्हणाले. "हा मीच कापणार. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

बाई पाण्याची बाटली घेऊन मागेच उभ्या होत्या. आई गेल्यापासून वडिलांनी उद्याच्या पलीकडची गोष्ट कधी काढली नव्हती. त्यांनी बाटली बाजूला ठेवली, साडीचा पदर खोचला आणि त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या.

"मलाही एक द्या, अप्पा," त्या म्हणाल्या. अप्पांनी ढिगातलं सगळ्यात तरतरीत रोप निवडून लेकीच्या हातावर ठेवलं.