आखूड दोरीची बादली

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. पत्र्याची नव्हे हं, शिडाच्या कापडाची! लिव्हरपूलच्या गोदीत एका म्हाताऱ्या कारागिरानं मला शिवलं, बुडाला शिसं लावलं आणि म्हणाला, "जा पोरी, भरून येत जा."

माझं काम साधं होतं. दर दोन तासांनी मला जहाजावरून खाली सोडायचं, समुद्राचं पाणी काढायचं आणि त्यात तापमापक बुडवायचा. पाणी एकदम गार झालं की बर्फाचे डोंगर जवळ आले असं समजून वेग कमी करायचा. अकरा वर्षं एका बुटक्या जहाजावर मी हे काम इमानानं केलं. तिथला कप्तान माझं कौतुक करायचा.

मग मला नव्या 'लेडी ऑरेलिया'वर धाडलं. अबब, केवढं ते उंच जहाज! दोरी मात्र माझी जुनीच. खलाशी इनॉक टास्करनं मला सोडलं, तर मी पाण्याच्या दोन हात वरच लोंबकळत राहिले.

"मुकादम, दोरी पुरत नाही," तो म्हणाला.

"न्यूयॉर्कला पोचल्यावर बघू. तोवर डोकं चालव की जरा!"

इनॉकनं डोकं चालवलं. मला नळाखाली धरलं. पंचावन्न अंश फॅरनहाइट! तेच त्यानं समुद्राचं म्हणून वर सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बादलीला कोण विचारतो?

इनॉकचा धाकटा भाऊ विल्फ खाली भट्टीत कोळसा टाकायचा. पाळी संपली की तो काळाकुट्ट होऊन वर यायचा आणि चिडवायचा, "काय दादा, आज कुठला समुद्र? स्वयंपाकघरातला की न्हाणीघरातला?" दोघं पोट धरून हसायचे.

चौथ्या दिवशी दुपारी मात्र विल्फ हसला नाही.

"दादा, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळ्यांना आज हात लाववत नाही, इतक्या गार पडल्यात. एकदा खरं पाणी काढ रे. मी परत खाली चाललोय."

इनॉकनं कमरेचा पट्टा आणि गळ्यातला रुमाल माझ्या दोरीला बांधला. चार दिवसांनी मी समुद्राला टेकले. काय ते पाणी! माझे टाके आखडले. तापमापक एकतीसवर उतरला. बत्तीसला तर गोडं पाणी गोठतं, मित्रांनो!

इनॉक पळतच अधिकाऱ्याच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. दोन तासांपूर्वी त्यानंच पंचावन्न सांगितलं होतं. आता एकतीस सांगितलं, तर आधीचं सगळं उघडं पडणार. समोर धुकं दाटत होतं. अरे इनॉक, सांग ना, मी मनात ओरडत होते.

"काय टास्कर, पाणी किती?" आतून आवाज आला.

"पंचावन्न, साहेब."

"छान. मग बर्फाची भीती नाही. वेग तसाच राहू द्या."

इनॉकनं मला कठड्याबाहेर रिकामं केलं.  पाव तास गेला असेल. धुक्यातून पांढरी भिंत पुढे आली आणि जहाजाची कूस खालच्या खाली फाटली. पाणी पुढे पसरू नये म्हणून भट्टीकडची लोखंडी दारं बंद झाली, विल्फ आतच राहिला. इनॉक दोन्ही मुठींनी त्यांवर धडका देत राहिला. "विल्फ! अरे विल्फ!" शेवटी दोघा खलाशांनी त्याला ओढत नेऊन होडीत ढकललं. माझी दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेलीच होती. त्या होडीतलं पाणी मी उपसलं, आणि जहाज बुडालं तेव्हा बुडणाऱ्यांची आरोळी मी ऐकली. ती सांगवत नाही.

आता मी इनॉकच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. माझे टाके उसवलेत, बूड गळतं. तरी रोज सकाळी तो मला धक्क्याच्या टोकाशी नेतो, पाणी काढतो, तापमापक बुडवतो आणि मोठ्यानं सांगतो, "विल्फ, आज अठ्ठेचाळीस."

मित्रांनो, दोरी आखूड पडली तर पहिल्याच दिवशी ओरडून सांगा. कुणी रागावलं तर रागावू द्या. आणि एकदा खोटं सांगितलं असेल, तरी दारात थबकून पुन्हा तेच सांगू नका.

इनॉकनं मला आता नवी दोरी लावली आहे. ती चांगली लांब आहे.