वासापायी स्वस्तात गेले

मी पिकअप बोलतेय. होय, तीच, जिच्या मागे आचऱ्यात मांजरांची वरात चालायची. हसू नका. तुमच्या मागे आजवर कोण आलं?

कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. आचऱ्याच्या भाईंनी मला हार घातला, नारळ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी हौद्यात बांगडे भरले. पुढे कित्येक वर्षं मी मासळीच वाहिली. भाई इंजिनाला जिवापाड जपत. पण बर्फ वितळून मासळीचं पाणी माझ्या फटीफटीत मुरलं, ते मुरलंच.

भाईंनी मोठा ट्रक घेतला आणि मला विकायला काढलं. गिऱ्हाइकं येत, टायरला लाथ मारत. लाथ मारून माणसाला नेमकं काय कळतं, देव जाणे! मग हौद्यापाशी जाऊन नाक मुरडत. कुणाला आंबे न्यायचे होते, कुणाला भजनी मंडळ. माझ्यात बसून अभंग म्हणायला कुणी धजेना.

अशात वालावलची मथुरा आली, नवऱ्याला, शंकरला, घेऊन. ती माडाची रोपं तयार करून विकते. आदल्या वर्षी भाड्याचा टेम्पोवाला ऐन वेळी मेहुण्याचं सामान हलवायला गेला आणि कसालच्या बागायतदाराची रोपं अंगणातच सुकली. बागायतदाराने यंदा शेवटची संधी दिली होती. मथुरेने हट्टाने गाडी शिकून लायसन काढलं. शंकरला स्वतःला सायकलपलीकडे काही येत नव्हतं, म्हणूनच त्याला हे पटत नव्हतं.

भाई सगळा वेळ शंकरशीच बोलत होते. "इंजिन बघा पावण्यांनु, घड्याळासारख्या चलता!"

मथुरेने मला बंदरापर्यंत फिरवून आणलं, उतरली आणि नाकाला पदर लावला.

"इंजिन ऱ्हवांदे, भाई. ह्यो वास खंय जातलो?"

"साबणान चार वेळा धुवा, वास गेलोच समजा."

"तुमी धुतलास मा? तरी आसाच!"

पदर काही खाली येईना. भाव मात्र येत गेला. इतका, की मलाच लाज वाटली.

आचरा मागे पडल्यावर शंकरने विचारलं, "घरात बांगडे तूच साफ करतंस. आज तुका एकदम वास कसो इलो?"

"पदरानच भाव उतारलो," मथुरा हसून म्हणाली. "आणि माडाच्या रोपांक मासळीचा पाणी बरा. ह्या खत माका फुकट गावला!"

मी गिअरमध्येच थक्क झाले. ज्या वासापायी जगाने मला नाकारलं, त्यासाठीच ही मला घरी नेत होती.

कसालची फेरी लागवडीच्या दिवसांत निघाली. हौदा रोपांनी गच्च. वाटेत एका चढावावर इंजिन बंद पडलं. मागून हॉर्न सुरू. रोपं सरकून मागच्या फाळक्यावर आदळली. खरं सांगते, मीही घाबरले.

"थांब गो! कोणाक तरी बोलवतंय!" म्हणत शंकर उतरला आणि चाकामागे दगड लावू लागला.

 मथुरेने हँडब्रेक ओढून धरला, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि ब्रेक सोडला. मी होता नव्हता तेवढा जीव लावला. आम्ही थेट माथ्यावर पोचलो. शंकर खालीच राहिला.

तो धापा टाकत वर आला. "माका सोडून चललंस?"

"चढावार कोण गाडी थांबवता? बसा आता."

रोपं टवटवीत पोचली. बागायतदाराने पुढच्या वर्षाची मागणी तिथेच दिली.  परतताना शंकर रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, "माकाय शिकव गो."

तेव्हापासून माझी दशा सुरू झाली आहे. रोज सकाळी मळ्यात तो क्लच सोडतो आणि माझी हाडं खिळखिळी होतात. गंज सोसला, मांजरं सोसली, पण हे? तेव्हा मायबापहो, एवढीच विनंती: वालावलला एखादी पिकअप बेडकासारखी उड्या मारत येताना दिसली, तर हसायचं नंतर. आधी बाजूला व्हा!