मक्केत उलटलेलं पाप

आमच्या जावा बेटावर पोरासोरांनाही सांगतात, घरी केलेलं पाप मक्केत लगेच उलटतं. म्हणून हजला आल्यावर मक्केत पहिल्याच दिवशी आमच्या तुकडीतल्या एकाची चप्पल हरवली, तेव्हा सुरोतो हसून म्हणाला, "गावात कुणाची ढापली होतीस रे?" सगळे हसले. पाईना वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत.

पुढे त्यांचा नवरा दरसोनो जेवायला खाली येईनासा झाला. "झोपलेत," वहिनी म्हणायच्या. मी तुकडीचा प्रमुख, जन्मभर शाळामास्तर. रोज तेच कारण आलं की मास्तराला संशय येतो. अरफातच्या मैदानाकडे निघायच्या सकाळी मी त्यांचं दार ठोठावलं.

दरसोनो पलंगाखाली वाकून शेळी शोधत होता. "गुरुजी, आमची काळी दिसली का? आणि ही बाई कोण? सारखी मागे मागे असते."

वहिनींनी हात जोडले. "कुणाला सांगू नका. म्हणतील, असं काय केलं होतं म्हणून अल्लानं याचं डोकंच काढून घेतलं?"

"वहिनी, वर्गात पोराला ताप आला, तर मी त्याला पाप विचारतो का?"

"ते पोर असतं, गुरुजी."

मी नर्स वेनिंगला बोलावलं. तिनं त्याची कातडी चिमटीत धरून पाहिली. "अंगातलं पाणी आटलंय, त्यानंच भ्रम झालाय. आधी सांगायचं हो, मावशी." त्याला सलाईन लावून रुग्णवाहिकेतूनच अरफातला न्यायचं ठरलं. आजचा तो मुक्काम चुकला, तर हजच होत नाही.

वहिनी आमच्याबरोबर बसमध्ये चढल्या. सुरोतो ओरडला, "काय वहिनी, आमचे कुंभकर्ण कुठायत?"

वहिनी उभ्या राहिल्या. "त्यांना भ्रम झालाय. मला ओळखत नाहीत. आता मोजा त्यांची पापं. मोठ्यानं मोजा."

सुरोतो खाली बघू लागला. मग मागून रडणं ऐकू आलं. सुतीना होती ती. धाकटी बहीण लस्त्री आधीच्या बसनं पुढे गेली, असं तिनंच मला सांगितलं होतं.

"गुरुजी, लस्त्री गेलेली नाही. मदिनेपासून तिला वाटतंय, सगळे तिला विष घालतात. किंचाळते. ती वर खोलीतच आहे. मी बाहेरून कुलूप लावलंय."

बस हलली होती. मी ड्रायव्हरला ओरडून थांबवलं. वेनिंगनं किल्ली घेतली आणि उतरून धावत सुटली.

"पाणी ठेवलंय तिच्यापाशी," सुतीना सगळ्यांना सांगत होती. "भरपूर ठेवलंय. पण माझ्या हातचं ती पीत नाही."