रिकिबीचं माप

घोडी कुणालाही द्यायची नाही, असा त्या घरात नेम होता आणि तो थोरल्याने घातलेला होता. मागायला आलेल्याला तो नाही म्हणायचासुद्धा नाही. हातातलं चामडं शिवत राहायचा, आणि माणूस थोडा वेळ बाकावर बसून आपण होऊन उठून जायचा.

जिनं शिवणं हा त्याचा धंदा. गावात ज्याच्या ज्याच्या दारात घोडं होतं, त्याचं जीन थोरल्याच्या हातचं. माणूस उंबरा ओलांडून आत आला की त्याच्या चेहऱ्याआधी थोरल्याची नजर त्याच्या पायांवर जायची आणि पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा केवढा कापावा लागेल ते तिथेच ठरून जायचं. गावातल्या एकाच माणसाचं माप त्याने कधी घेतलं नव्हतं, आणि तो त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

धाकटा आईवर गेलेला, आखूड पायांचा. वडिलांच्या काळात थोरला घोड्यावर आणि धाकटा घोड्यामागे धावतोय, असंच दोघांचं लहानपण गेलं. "दादा, एकदा तरी बसू दे की," म्हणून तो मागे लागायचा. "आधी पाय जमिनीला पुरू देत," थोरला वरून म्हणायचा आणि सगळे हसायचे. पुढे दोघांची लग्नं झाली, केस पिकले, तरी ही थट्टा थोरल्याने सोडली नाही. धाकटाही हसायचा. त्याचं दोर वळायचं काम होतं, आणि घर दगडाच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर.

थोरल्याला एकच मुलगा. तो मात्र बापाच्या अंगकाठीचा, तसाच उंच. बापलेकांच्या पायांचं माप एकच असल्यामुळे घोडीच्या जिनावरचा पट्टा कधी वरखाली करावा लागला नव्हता. बकलाचा काटा त्याच एका भोकात वर्षानुवर्षं बसून ते भोक झिजून लांबट झालं होतं. मुलगा बापापेक्षा मऊ. "बाबा, घोडी आहे ती, तिजोरी नाही," तो म्हणायचा. "कुणी घटकाभर बसलं म्हणून झिजत नाही."

"माणूस झिजत नाही, घोडी झिजते," थोरला म्हणायचा. "चार जणांची मांड पडली की ती कुणाचीच राहत नाही."

घोडी अंगाने काळसर तांबडी, डोळ्यांनी शांत. अंगणात पाण्याच्या कुंडाशेजारी चढायचा दगड होता. तिला बाहेर जावंसं वाटलं की ती आपण होऊन त्या दगडाशी आडवी उभी राहायची आणि मान वळवून ज्याला न्यायचं त्याच्याकडे बघायची. "बोलावणं आलं बरं का," थोरल्याची बायको स्वयंपाकघरातून हसून सांगायची.

एका दुपारी मुलगा घोडी घेऊन गेला, आणि ऊन उतरायच्या सुमाराला अंगणात टापा वाजल्या.

"कोण आलं?" बायकोने आतून विचारलं.

"घोडी."

"एकटीच?"

"एकटीच," थोरला म्हणाला, आणि पुढे होऊन त्याने लगाम धरला.

मुलगा खाणीच्या तळाशी सापडला. पोलीस येऊन गेले, डॉक्टर येऊन गेले. घोडी काठावर बिचकली असणार, पोर तोल जाऊन पडलं असणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. धाकटा अंगावर घोंगडी घेऊन आला. दोन दिवस तापाने अंथरुणात आहे, म्हणाला, आणि थोरल्याच्या पायांशी बसून रडला. थोरला रडला नाही. गावाला वाटलं, म्हातारा दगड आहे.

खरी गोष्ट थोरल्याने कुणालाच सांगितली नव्हती. त्या दुपारी लगाम धरला तेव्हाच त्याने पाहिलं होतं की दोन्ही रिकिबी वर ओढलेल्या आहेत. पट्ट्यावरच्या सगळ्या भोकांच्या वर, कोऱ्या चामड्यात, चाकूच्या टोकाने कुणीतरी नवं भोक पाडलं होतं. थोरल्याची भोकं आरीने पाडलेली, गोल, कडा घोटलेल्या. हे फाटकं होतं, त्याच्या कडेने चामड्याचे तंतू लोंबत होते. म्हणजे शेवटची मांड मुलाची नव्हती. आखूड पायांचा कुणीतरी घोडीवर बसला होता, आणि तो आजवर एका शब्दाने बोलला नव्हता.

कोण ते थोरल्याला ठाऊक होतं. त्या भोकापासून रिकिबीपर्यंतचं माप त्याने बोटांनी घेतलं आणि मनात म्हटलं, शेवटी घेतलंच मी तुझं माप. त्याने ते पट्टे सोडवले, कापडात गुंडाळून पेटीत ठेवले, आणि नवे कापून जिनाला लावले. पोलिसांकडे तो गेला नाही. ते विचारणार, धाकटा रडणार, आणि रडणाऱ्या माणसाला लोक लवकर माफ करतात, हे तो पाहून होता.

सुतक सरलं आणि गिरणीवाला बाकावर येऊन बसला. त्याचं घोडं लंगडत होतं, पलीकडच्या गावी जायचं होतं. पण या घरात मागायची सोय नाही, म्हणून तो नुसता हवापाण्याचं बोलत होता.

"घोडी घेऊन जा," थोरला म्हणाला.

गिरणीवाल्याला आपण काय ऐकलं ते कळेना. "कुठली?"

"माझ्याकडे किती आहेत? खाणीच्या रस्त्याने जा. जवळ पडतो."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं काही म्हणाले. पोर गेल्यावर माणूस निवला, असं काहींना वाटलं. मग जो तो मागू लागला. मास्तर घेऊन गेले, डॉक्टर घेऊन गेले, न्हावी तर कुठे जायचं नव्हतं तरी हौस म्हणून चक्कर मारून आला. थोरला स्वतः मात्र मुलगा गेल्यापासून तिच्यावर बसला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, कंबर धरते. पोटाखालचा तंग तो स्वतः आवळायचा, प्रत्येकाच्या मापाने रिकीब लावून द्यायचा आणि एकच सांगायचा, "खाणीच्या रस्त्याने."

पहिल्याच दिवशी गिरणीवाला परत आला तेव्हा थोरला फाटकात उभा होता. गिरणीवाला ताडासारखा उंच माणूस, आणि तो गुडघे जवळजवळ पोटाशी घेऊन घोडीवर बसला होता, बाकड्यावर लहान पोर बसतं तसा.

"रिकीब कशाला वर घेतलीस?" थोरल्याने विचारलं.

"मी? मी कुठे हात लावला?" गिरणीवाल्याने खाली पाहिलं आणि स्वतःच गोंधळला. "अरेच्चा. तरीच म्हटलं पाय का भरून आले."

नव्या पट्ट्यावर सगळ्यात वर चाकूने पाडलेलं फाटकं भोक होतं.

थोरल्याने त्यावर अंगठा फिरवला. तंतू अजून ताजे होते. गिरणीवाल्यापाशी चाकू नव्हता, त्याने आपणहून खिसे उलटे करून दाखवले.  थोरल्याने घोडीला पाणी दाखवलं, खरारा केला, आणि रात्री बायकोने वाढलेलं पहिल्यांदाच सगळं संपवलं.

मास्तरांच्या वेळी तसंच झालं. डॉक्टरांच्या वेळीही. पट्टे बदलून पाहिले, जाड चामडं लावून पाहिलं. घोडी परत आली की रिकिबी वर, भोक तिथेच. भीती वाटायला हवी होती. थोरल्याला वाटली नाही. आपल्या बाजूने कुणीतरी काम करतंय, असं त्याला वाटलं.

आणखी एक गोष्ट सगळेच सांगू लागले. "तुमची घोडी गुणाची आहे हो," न्हावी म्हणाला, "पण तुमच्या भावाच्या दारात थांबते. टाच मारा, चुचकारा, हलत नाही. कुणीतरी बाहेर यायची वाट बघितल्यासारखी उभी राहते. मग आपली आपण निघते."

"मग? भाऊ बाहेर आला?"

"नाही. दार लावून घेतलं. घरात माणूस असून."

थोरला गालातल्या गालात हसला. न्हाव्याने नंतर लोकांना सांगितलं, ते हसू बघितलं आणि म्हटलं, आता पुन्हा घोडी मागायची नाही. पण मागणारे कमी नव्हते. फुकट रपेट कुणाला नको असते?

एके सकाळी धाकट्याची बायको आली. आत गेली नाही, अंगणातच उभी राहिली.

"भावजी, एवढं ऐका. घोडी आमच्या दारावरून नेऊ नका म्हणावं लोकांना."

"रस्ता सगळ्यांचा आहे."

"त्यांनी काम सोडलंय. दोर अर्धे वळून पडलेत. जेवायला बसले की हात तसाच राहतो. म्हणतात, आली. आणि खरंच थोड्या वेळाने टापा ऐकू येतात." तिने पदराने तोंड पुसलं. "काय झालंय ते तुम्ही तरी सांगा."

"मला कसं ठाऊक? त्या दिवशी तो तापाने पडला होता ना?"

 ती खाली मान घालून म्हणाली, "तापाचं तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं. मी नव्हतं सांगितलं." आणि निघून गेली.

थोरल्याची बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "अहो, पुरे करा आता," ती म्हणाली. "जो गेला तो येतोय का?"

थोरल्याने सुईत दोरा ओवला. "गिरणीवाल्याला सांगून ठेव, उद्या घोडी मोकळी आहे," तो म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी गिरणीवाला गेला नाही. त्या दिवशी उन्हं कलली तेव्हा फाटकाशी धाकटा उभा होता. अंगात नुसती हाडं राहिली होती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जीन घालून बांधलेल्या घोडीने कान टवकारले, हळूच खिंकाळली, आणि तो जवळ गेला तसं आपलं तोंड त्याच्या खांद्यावर ठेवलं. अनोळखी माणसाशी घोडी असं करत नाही. एकदा पाठीवर बसलेल्याशीही करत नाही. थोरल्याने ते पाहिलं. म्हणजे मुलगा काकाला नेहमी बसवत होता. आपल्या नकळत, रस्त्याच्या वळणावर, रिकिबीशिवाय, किती तरी दिवस. हे त्याला आतवर लागलं, पोर गेल्याइतकंच.

"दादा, सगळ्या गावाला दिलीस," धाकटा म्हणाला.

"दिली."

"मला कधी दिली नाहीस."

"तुझे पाय जमिनीला पुरत नव्हते."

या वेळी धाकटा हसला नाही. "दादा, त्या दिवशी खाणीपाशी..."

"थांब," थोरला म्हणाला.

तो आत गेला. पेटी उघडली, कापडातले ते जुने पट्टे काढले, बाहेर आणून जिनाला लावले, आणि काटा चाकूच्या फाटक्या भोकात घातला. धाकटा पाहत होता. त्याचे ओठ हलत होते, पण थोरल्याने त्याला बोलू दिलं नाही. त्याला आता काही ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतं तर कदाचित ते खरं निघालं असतं, की चूक होती, की पोराने स्वतःच सांगितलं होतं काका तू बस मी धरतो, की पाय निसटला. असलं काही ऐकून घेण्यासाठी त्याने इतके दिवस दात आवळून काढले नव्हते.

"ये," तो म्हणाला, घोडी चढायच्या दगडाशी आणली, आणि वाकून स्वतःच्या हाताने रिकीब धरली.

थोरल्या भावाने धाकट्यासाठी रिकीब धरावी, असं त्या घराण्यात कधी झालं नव्हतं. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कदाचित त्याला वाटलं, हीच माफी. तो दगडावर चढला, मांड टाकली. पाय रिकिबीत असा बसला की बोटभरही कमीजास्त नाही.

"माप बरोबर आहे?" थोरल्याने विचारलं.

धाकटा म्हणाला, "आहे."

"असणारच."

"कुठवर जाऊ, दादा?"

"ती नेईल," थोरला म्हणाला आणि फाटक उघडलं.

घोडी चालत गेली, अगदी सावकाश. धाकट्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याची पाठ ताठ होती, आणि दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, चांगला बसतो की हा घोड्यावर. जन्मभर बसल्यासारखा.

थोरला बाकावर बसला आणि काम घेतलं.  टाके सरळ पडत होते. अंगणातलं ऊन कुंडावरून सरकत भिंतीवर गेलं, तेव्हा टापा वाजल्या.

"कोण आलं?" बायकोने आतून विचारलं.

"घोडी."

तो उठला. जिनावर कुणी नव्हतं. लगाम मानेवर नीट टाकलेला होता, कुठे घाम नाही, ओरखडा नाही. त्याने सवयीने रिकिबीकडे हात नेला आणि हात मधेच राहिला. रिकिबी खाली उतरलेल्या होत्या. काटा त्या झिजून लांबट झालेल्या जुन्या भोकात बसला होता. वरचं फाटकं भोक त्याने बोटांनी चाचपून शोधलं. चामडं गुळगुळीत होतं. तिथे कधी काही नव्हतंच. त्याने जिनावर तळवा ठेवला. जीन उबदार होतं.

"एकटीच?" आतून आवाज आला.

थोरल्याच्या तोंडून होय निघेना. घोडी त्याच्या हाताखालून पुढे गेली, कुंडाला वळसा घालून चढायच्या दगडाशी आडवी उभी राहिली, आणि मान वळवून त्याच्याकडे बघू लागली. रिकिबी तिच्या पोटाशी संथ हलत होत्या. आणि ते माप घरात आता एकाच माणसाचं होतं.